रोल धुवायचा कुठे?

दिवाळीपूर्वी घर आवरताना माणसाला दोन जातींच्या वस्तू सापडतात. वर्षभर शोधूनही जी हाती लागली नाही ती एक; आणि जी शोधण्याचे धैर्यच आपल्याला झाले नव्हते ती दुसरी. गेल्या वर्षी आमच्या घरी निघाली ती या दुसऱ्या जातीची. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, लोखंडी कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात हातरुमालात गुंडाळलेली एक हार्ड डिस्क, आणि डब्यावर चिकटवलेल्या पट्टीवर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले : ‘निगेटिव्ह – २०१३ ते २०२०’.

अण्णा २०२१ च्या फेब्रुवारीत गेले. पोटासाठी टेलिफोन खात्यातली नोकरी आणि जिवासाठी कॅमेरा, असा त्यांचा जन्मभराचा हिशेब होता. तरुणपणी त्यांच्याजवळ अग्फा क्लिक थ्री होता. रोलमध्ये फोटो बारा. त्यामुळे तेरावा मोह आवरण्याची सवय त्यांना आपोआप लागली होती. महिन्यातून एका रविवारी आमच्या न्हाणीघराची डार्करूम होत असे. खिडकीला काळे कापड, लाल दिवा, पाटावर तीन ट्रे आणि घरभर हायपोचा वास. मी सात-आठ वर्षांचा असेन. दाराबाहेर बसून आत कोणी शिरू नये हे पाहणे एवढेच माझे काम. परंतु ते मी मोठ्या इमानाने करीत असे.

अशा माणसाने निवृत्तीनंतर डिजिटल कॅमेरा घेतला, तेव्हा आम्हांला वाटले की आता न्हाणीघर सुटले. पण अण्णांनी पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याचे माहितीपुस्तक वाचून जाहीर केले, “मी रॉमध्येच काढणार. निगेटिव्ह हवीच.” त्या वाक्याचा अर्थ मला कळायला पुढे बारा वर्षे लागली.

डिस्क माझ्या जुन्या लॅपटॉपला जोडली. आमची कन्या अकरावीत आहे. यंत्रांच्या बाबतीत घरातील शेवटचा शब्द तिचा. ती म्हणाली, “बाबा, चार हजारांवर फाइली आहेत. पण एकही उघडत नाहीये.”

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “त्यात माझा पणत्यांचा फोटो असेल बघ.”

मग ती हकीकत कळली. २०१९ च्या दिवाळीत गॅलरीत ती पणत्या लावीत असताना अण्णांनी तिचा फोटो काढला होता. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या एवढ्याशा पडद्यावर तिला दाखवला होता आणि म्हणाले होते, “चांगला आलाय. मोठा प्रिंट काढून देतो.” त्यानंतरच्या दिवाळीपर्यंत त्यांची प्रकृती ढासळली आणि प्रिंट राहून गेला. आईने पाच वर्षांत ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. तिने ती मागितलीही नाही; नुसती सांगितली. पण त्या क्षणापासून मी तिचा देणेकरी झालो.

शिधा आणि वाढलेले पान

मी मराठीचा प्राध्यापक. पाठभेद, प्रक्षेप, शुद्ध प्रत हे माझे शब्द. पिक्सेल आणि सेन्सर हे नव्हेत. तरीही या निमित्ताने मला जे शिकावे लागले ते माझ्याच भाषेत सांगतो; कारण पुष्कळ घरांतून असा एखादा डबा असेल.

कॅमेऱ्यातील सेन्सर म्हणजे कोट्यवधी चिमुकल्या वाट्या मांडलेले एक ताट समजा. शटर उघडले की वाट्यांत प्रकाश जमतो. गंमत अशी की वाटीला रंग कळत नाही; तिला फक्त कमी-अधिक कळते. म्हणून प्रत्येक वाटीवर लाल, हिरवी किंवा निळी काच बसवलेली असते. निम्म्या वाट्यांवर हिरवी, उरलेल्यांपैकी अर्ध्यांवर लाल आणि अर्ध्यांवर निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांची; तिचे पेटंट १९७६ सालचे आहे. कोणत्या वाटीत किती प्रकाश साठला याची जमेची वही म्हणजे रॉ फाइल. ती अजून चित्र झालेली नसते. शेजारच्या वाट्या पाहून प्रत्येक ठिकाणचा पुरा रंग ठरवायचा, उजेडाचा तोल सांभाळायचा, मग कुठे चित्र तयार होते.

आपण मोबाइलवर पाहतो ते जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच रांधून वाढलेले पान. मीठ पडून गेलेले. रॉ म्हणजे शिधा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला काळोखापासून लख्ख उजेडापर्यंत २५६ पायऱ्या असतात. चौदा बिटांच्या रॉमध्ये त्या १६,३८४ असतात. म्हणूनच अंधारात काढलेला फोटो नंतर उजळायचा झाला तर जेपेगमध्ये चट्टे दिसू लागतात, आणि रॉमध्ये पुष्कळ काही तगून राहते. शिवाय प्रकाश दिव्याचा धरायचा की दिवसाचा, हा तोल रॉमध्ये फोटो काढल्यानंतरही मनासारखा ठरवता येतो.

मात्र शिध्याची पुडी प्रत्येक कंपनीची वेगळी. कॅननची सीआर थ्री, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. सर्वांना चालेल अशी डीएनजी नावाची पुडी अॅडोबीने २००४ साली काढली, पण सगळ्यांनी ती स्वीकारली नाही. पुडी सोडून रांधणारा जो आचारी, त्याला म्हणतात रॉ कन्व्हर्टर. आमच्या प्रश्नाचे स्वरूप आता स्पष्ट झाले. रोल होता, तो धुवायचा कुठे, हे ठरवायचे होते.

एका आईचे तीन चेहरे

अण्णांचा कॅमेरा निकॉनचा. कंपनीचा स्वतःचा एनएक्स स्टुडिओ हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. कन्येने तो उतरवून घेतला आणि आठवडाभर रोज रात्री जेवणानंतर आम्ही चार हजार फाइली चाळू लागलो. वाईचा घाट, माझ्या पुस्तकाचे प्रकाशन, भाजीवाली, पावसात भिजलेली सायकल. सहाव्या रात्री पणत्या आल्या.

आईला लगेच बोलावले नाही. म्हटले, आधी फोटो सुधारून ठेवू. इथेच माझी चूक झाली.

एका विकतच्या सॉफ्टवेअरची काही दिवसांपुरती फुकट प्रत घेतली होती. त्यात ‘आपोआप’ असे एक बटण होते. ते दाबले आणि आम्ही दोघे थक्क झालो. काळोख पार पळून गेला. आईचा चेहरा तुकतुकीत, पणत्यांचा पिवळेपणा पुसला गेला, मागची भिंत पांढरी स्वच्छ झाली आणि इतका वेळ न दिसलेली एक निळी प्लॅस्टिकची बादली कोपऱ्यात दिमाखाने उभी राहिली. कन्या म्हणाली, “कसलं भारी!” मलाही तसेच वाटले.

मग रॉथेरपी नावाचा दुसरा प्रोग्रॅम लावून पाहिला. हंगेरीच्या गाबोर होर्वाथ यांनी लिहिलेला आणि २०१० साली सर्वांसाठी खुला केलेला हा प्रोग्रॅम आज स्वयंसेवक चालवतात. त्याला दाम पडत नाही. त्यात ‘न्यूट्रल’ म्हणजे कोणताही संस्कार न केलेली अशी एक रीत आहे. तिने पाहिले तर तोच फोटो मलूल, राखेरी, बिनमिठाचा.

फाइल तीच, वाट्यांतला प्रकाश तोच. आणि पडद्यावर आई मात्र वेगवेगळी. माझ्यातला प्राध्यापक इथे जागा झाला. आम्ही समजतो की फोटो म्हणजे खरे आणि सॉफ्टवेअर म्हणजे नुसते उघडण्याचे हत्यार. वास्तविक रॉ फाइलला स्वतःचे असे रूपच नसते. बंदिश एकच असते. गाणारा बदलला की ती बदलते. अमेरिकेचे थोर छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स हे मुळात पियानो शिकलेले गृहस्थ. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, असे ते समजावीत असत. सॉफ्टवेअर निवडणे म्हणजे गाणारा निवडणे, हे मला त्या रात्री कळले.

दुसऱ्या दिवशी आईला खुर्चीवर बसवले आणि मोठ्या अभिमानाने तो उजळलेला फोटो दाखवला. तिने चष्मा पुसला. पुन्हा पाहिले.

“ही कोण?”

“अगं आई, तूच.”

“मी एवढी गोरी कधी होते रे? आणि ती बादली कशाला दाखवलीस? ह्यांनी ती मुद्दाम अंधारात ठेवली होती. मला म्हणालेसुद्धा, जरा डावीकडे सर, बादली दिसतेय.”

राखेरी फोटो पाहून ती म्हणाली, “ही आजारी दिसते.” आणि उठूच लागली. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

तेव्हा कन्येने शहाणपणा केला. तिने कुठेसे वाचले होते की प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने त्या क्षणी रांधलेले एक जेपेगही ठेवलेले असते. कॅमेऱ्याच्या पाठीवर आपण पाहतो ते तेच. म्हणजे आजीने त्या रात्री जे पाहिले होते ते अजून फाइलीतच होते! कंपनीचा प्रोग्रॅम साधारण तसेच रूप दाखवतो. आणि रॉथेरपीमध्ये अशी सोय आहे की पोटातल्या त्या चित्राकडे पाहून तो आपला छायाप्रकाश त्याच्याशी जुळवून घेतो. तिने ती रीत लावली. प्रकाशाचा तोल पणतीकडे, म्हणजे दोन हजार केल्विनच्या बाजूला, झुकता ठेवला. पांढरा होऊ दिला नाही. चेहऱ्यावरचा उजेड किंचित वाढवला. बादली पुन्हा काळोखात गेली.

आई पुढे वाकली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हं. त्या दिवशी असाच अंधार होता.”

किल्ली कोणाकडे?

गोष्ट इथे संपवली असती तर ती गोड झाली असती. पण या खटाटोपात एक कडू गोष्टही कळली, आणि खरे तर ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

अण्णांनी २०१८ पासून आपले निवडक फोटो एका चांगल्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बसून स्वतः सुधारले होते. दुपार-दुपार ते त्यात गुंतलेले असत. मग डिस्कवर त्या कामाची खूण का नव्हती? आता कळले. रॉ फाइलवर ही सॉफ्टवेअरे काहीही खोडत नाहीत, हा त्यांचा मोठाच गुण. पोथीवर शाई न चालवता समासात टीप लिहावी, तशी ती ‘उजेड इतका वाढवा, इथे कापा’ अशी टिपणे तेवढी ठेवतात. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीत पाठ वर आणि पाठभेद खाली ठेवले. तशीच ही शिस्त. परंतु टिपणे ठेवतात कुठे? काही प्रोग्रॅम फोटोच्या शेजारीच लहानशी फाइल करून ठेवतात. काही मात्र सगळ्या फोटोंची टिपणे एका मोठ्या वहीत, कॅटलॉगमध्ये, ठेवतात. अण्णांची वही त्यांच्या संगणकात होती. आणि तो संगणक ‘फोटो डिस्कवर आहेतच’ असे म्हणून, पुसून स्वच्छ करून, मी स्वतः २०२२ साली एका गरजू विद्यार्थ्याला देऊन टाकला होता.

म्हणजे निगेटिव्ह राहिल्या. अण्णांचा हात गेला. यात सॉफ्टवेअर करणाऱ्यांचा काडीचा दोष नाही. दोष माझा. मी विचारले नव्हते.

त्याच कपाटात जुनी पाकिटे होती. त्यांतल्या एकावर पेन्सिलीने लिहिलेले : ‘वाई, घाट. १९७८. ११ सेकंद. आकाशाला ४ जास्त.’ एन्लार्जरखाली कागदाला किती वेळ प्रकाश दिला त्याची ही टीप. सुमारे सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची ती पेन्सिल मी आज वाचू शकतो, आणि २०१८ चे काम वाचू शकत नाही.

हे केवळ आमच्याच घरचे रडगाणे नव्हे. कोडाक्रोम ही नामांकित रंगीत फिल्म १९३५ पासूनची. ती धुण्याची रीत इतकी खास होती की घरी कोणाला ते साधत नसे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी तिची शेवटची प्रयोगशाळा होती. तिनेही ३० डिसेंबर २०१० रोजी रोल घेणे थांबवले. त्यानंतर ज्यांच्या घरी रोल राहिले, त्यांना त्यातले खरे रंग मिळण्याचा मार्ग उरला नाही. सॉफ्टवेअरचेही असेच आहे. अॅपलने २००५ साली अॅपर्चर नावाचा सुरेख प्रोग्रॅम काढला. २०१४ साली तो पुढे न चालवण्याचे जाहीर केले आणि २०१५ साली त्याची विक्री थांबवली. अॅडोबीचे लाइटरूम २००७ साली आले. एकदा पैसे मोजून कायमचे आपले होणारे त्याचे शेवटचे रूप २०१५ चे, सहावे. २०१७ पासून नवे लाइटरूम वर्गणी भरूनच मिळते. वर्गणी थांबली तरी लाइटरूम क्लासिकमध्ये फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात. पण ते सुधारण्याची खोली बंद होते.

निवड कशी करावी?

म्हणून, वाचकहो, ‘सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?’ हा प्रश्न मी आता विचारीत नाही. त्याऐवजी चार साधे प्रश्न विचारतो.

पहिला : मला रॉ हवेच आहे काय? वाढदिवसाचा केक आणि सहलीतली भेळ यांना जेपेग पुष्कळ झाले. चोवीस मेगापिक्सेलची एक रॉ फाइल पंचवीस-तीस मेगाबाइटांची असते. चार हजारांची डिस्क भरते. जिथे उजेड अवघड आहे आणि क्षण परत येणार नाही, तिथे रॉ.

दुसरा : माझ्या कॅमेऱ्याची पुडी त्याला सुटते काय, आणि माझ्या संगणकाला त्याचे ओझे पेलते काय? याची सुरुवात कॅमेरा कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रॅमपासून करावी. कॅननचा डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचा एनएक्स स्टुडिओ, सोनीचा इमेजिंग एज. कॅमेऱ्याला जवळचे रंग तिथे विनासायास मिळतात.

तिसरा : माझी टिपणे राहणार कुठे? रॉथेरपी आणि त्याच्यासारखाच बिनपैशाचा डार्कटेबल, दोघेही टिपणाची फाइल फोटोच्या शेजारी ठेवतात. रॉथेरपीची फाइल तर साध्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. उजेड किती, प्रकाशाचे तापमान किती, सारे नावानिशी आकड्यांत! मला एकदम त्या पाकिटावरची पेन्सिल आठवली, आणि माझी निवड त्या क्षणी झाली. लाइटरूम क्लासिक वापरणाऱ्यांनीही सेटिंगमध्ये जाऊन ‘बदल एक्सएमपी फाइलीत लिहा’ हे सांगून ठेवावे. म्हणजे वही हरवली तरी टिपणे शेजारी राहतात.

चौथा : मी पैसे देणे थांबवले, किंवा मीच थांबलो, तर घरच्यांना काय उघडेल?

पदरचे सांगायचे तर फुकटच्या प्रोग्रॅमांनाही काटे आहेत. रॉथेरपीत बटणांची आणि सरकपट्ट्यांची इतकी गर्दी आहे की पहिले चार दिवस मोडी वाचल्यासारखे वाटते. धारदारपणासारखे काही बदल तर फोटो पूर्ण आकारात मोठा करून पाहिल्याशिवाय दिसतच नाहीत. लग्नाचे दोन हजार फोटो चार दिवसांत देणाऱ्या व्यावसायिकाने लाइटरूमची वर्गणी भरावी, स्टुडिओत काम करणाऱ्याने कॅप्चर वन पाहावे, अंधारातल्या फोटोंतली रवाळी काढायची असेल त्याने डीएक्सओ फोटोलॅब पाहावे. ते पैसे वाया जात नाहीत. पण घरच्या ठेव्यासाठी नियम वेगळा : फोटो सुधारून झाला की त्याची एक जेपेग किंवा टिफ प्रत काढून ठेवावी, सगळ्याच्या दोन नकला दोन घरांत ठेवाव्यात, आणि मनाला भिडेल त्याचा कागदावर प्रिंट काढावा. कागदाला वर्गणी नाही.

आम्ही वर्षभरात अण्णांचे साठ फोटो निवडले. त्यांनी ते कसे सुधारले होते ते कधीच कळणार नाही. आम्ही आमच्या हाताने करतो आहोत, आणि आई शेजारी बसून सांगते : “एवढा उजेड नको”, “तो शर्ट निळा नव्हता, करडा होता.” कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय मला आढळली नाही, आणि ती किती दिवस मिळेल याची वर्गणी भरता येत नाही. तुमच्या घरी असा डबा असेल, तर तो याच सुटीत उघडा. सॉफ्टवेअर नंतरही मिळेल.

पणत्यांच्या फोटोचा मोठा प्रिंट पेठेतल्या एका स्टुडिओतून काढून आणला. आईने तो भिंतीवर लावू दिला नाही. आपल्या कपाटात साड्यांच्या घडीवर ठेवला. देण्यापूर्वी मी पेन्सिल शोधली आणि मागे लिहिले : ‘गॅलरी, दिवाळी २०१९. फोटो अण्णांचा. चेहरा किंचित उजळ. बादली झाकली.’